ही बॅग कोणाची आहे?

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या जागी फोटो काढायला मनाई असते, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. तिथे फोटो सतत निघत असतात. छतावरचे कॅमेरे आपले काढतात, प्रवेशद्वारावरचं यंत्र चेहऱ्याचा काढतं, पट्ट्यावरचं क्ष-किरण यंत्र बॅगेच्या पोटातला काढतं. मनाई असते ती आपल्याला.

मी फोटोग्राफर आहे. लग्नं, ऑफिसांचे समारंभ, मधूनच एखाद्या संस्थेसाठी गावोगावचं काम. महिन्यातून दोन-तीनदा माझा कॅमेरा त्या पट्ट्यावर ठेवला जातो आणि एका मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटातून पलीकडे निघतो. कारण ते यंत्रही शेवटी कॅमेराच. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला पत्नी अ‍ॅना बर्था यांच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात बोटांची हाडं दिसतात आणि एका बोटातली अंगठी. चेहरा नाही, नाव नाही. हात कोणाचा, हे कुणी सांगितलं नाही तर कळणार नाही.

या न कळण्याबद्दल मला लिहायचं आहे. कुणी आपल्याकडे संशयाने पाहिलं की तो अपमानच असतो का? आणि पाहणारा माणूस, ज्याला पाहतो त्याचं काही देणं लागतो का? तपासणीच्या रांगेत उभी असते तेव्हा हे दोन प्रश्न माझ्या डोक्यात असतात. हातात कॅमेरा असतो तेव्हाही असतात.

*

आधी बॅगेत काय असतं ते सांगते. देशांतर्गत प्रवासात हातातलं सामान साधारण ७ किलोपर्यंत नेता येतं. दोन बॉडी, तीन लेन्स, फ्लॅश, चार्जर, लॅपटॉप, हार्ड डिस्क एवढं भरलं की काटा तिथे पोचतोच. मग कपडे चेक-इनमध्ये जातात आणि लेन्स पोटाशी. वऱ्हाडाच्या गाडीत दागिन्यांचा डबा एखाद्या मावशीच्या मांडीवर असतो ना, तशी ती बॅग.

बॅटऱ्यांचा नियम वेगळा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायला बंदी आहे, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या चालतात. १०० ते १६०च्या मधल्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावरच्या नाहीच. हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. माझ्या सोनीच्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं आहे. गुणाकार येतो १६.४. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या कित्येक बॅटऱ्या ९८-९९ वॅट-तासांच्या बनवतात, त्या या रेषेच्या आत राहाव्यात म्हणूनच.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नियम उलटा वाटतो. पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांजवळ ठेवायची? पण त्यामागे विचार आहे. बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी धूर दिसेल, वास येईल, कर्मचारी धावून येतील. खाली सामानाच्या कप्प्यात ती एकटीच पेटत राहील. म्हणून जिथे माणसाची नजर पोचते तिथेच धोका ठेवायचा.

मला हे फार आवडतं. आपल्याकडे 'लक्ष ठेवणं' हे शब्द पाळण्यातल्या बाळासाठीही वापरतात आणि चोरासाठीही. नजर एकच. ती राखण आहे की पाळत, हे ज्याच्यावर ती पडते त्याला बरोबर कळतं.

बायकांची रांग वेगळी असते. बॅग ट्रेमध्ये ठेवायची, ट्रे पट्ट्यावर ढकलायचा आणि पडद्याच्या खोलीबाहेर आपली पाळी येण्याची वाट बघायची. तेवढ्यात ट्रे यंत्रातून पलीकडे बाहेर पडलेला असतो. कर्जाचे हप्ते फेडून घेतलेला काही लाखांचा माल अनोळखी माणसांच्या हाताच्या अंतरावर उघडा. त्या दोन मिनिटांत मी पट्ट्याजवळच्या प्रत्येकावर डोळा ठेवून असते. म्हणजे माझ्यावर संशय घेतला जात असतानाच मीही इतरांवर घेत असते. विश्वास पानिपतात गेला म्हणतात; विमानतळाच्या रांगेत ते पटतं.

मग पडद्याआड गणवेशातली बाई हातातलं यंत्र अंगावरून फिरवते. हात वर, वळा, झालं. बाई म्हणून आजवर रस्त्यात, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये ज्या नजरा अंगावर आल्या त्यांच्यापेक्षा ही नजर कितीतरी सभ्य वाटते. तिला माझ्याबद्दल काहीच जाणून घ्यायचं नसतं. खिशात काय आहे, एवढंच. संशय सभ्य असू शकतो, हे मी त्या पडद्याआड शिकले.

*

हा संशय उगाच कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. तपासणीच्या एकेका नियमामागे एकेक तारीख आहे. अमेरिकेत विमानं पळवण्याचं सत्र सुरू झालं आणि ५ जानेवारी १९७३पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे १९९९च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला लागली. सुरुवात ३ फेब्रुवारी २०००ला जयपूरपासून झाली.

माझ्या धंद्याशी जोडलेली तारीख म्हणजे ९ सप्टेंबर २००१. त्या दिवशी अफगाणिस्तानातले नेते अहमद शाह मसूद यांची मुलाखत घ्यायला दोन जण आले. पत्रकार आहोत म्हणाले. सोबत व्हिडिओ कॅमेरा होता. स्फोटकं त्या कॅमेऱ्याच्या सामानातच लपवलेली होती. दोन दिवसांनी न्यूयॉर्कमधले जुळे मनोरे पडले आणि ही बातमी मागे पडली. पण हे माहीत असलेला माणूस माझा फ्लॅश हातात घेऊन उलटसुलट करतो, चालू करून दाखवा म्हणतो, तेव्हा मला राग येत नाही. माझा कॅमेरा निरुपद्रवी आहे हे मला माहीत आहे. त्याला ते कुठून माहीत असणार?

आणि एक तारीख २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ अटलांटिकवर असताना स्फोटाने फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरहून चढवलेली होती. टोरांटोत ती या विमानात आली. जिच्या तिकिटावर ती बॅग होती ती व्यक्ती विमानात बसलीच नाही. टोरांटोत बॅगा तपासणारं क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बिघडलं होतं. नंतर जगभर एक साधी गोष्ट ठरली. प्रवासी आत नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही.

पट्ट्याच्या शेवटी उभा असलेला जवान एखादी बॅग बाजूला ओढतो आणि मोठ्याने विचारतो, "ये बॅग किसका है?" ही बॅग कोणाची आहे? तो प्रश्न ऐकला की मला 'कनिष्क' आठवतं. मालक नसलेली बॅग हीच खरी भीती. हिचं उत्तर द्यायला इथे कुणी उभं आहे का, एवढंच त्या प्रश्नाला विचारायचं असतं. कुणी तरी हात वर करतं, "माझी," आणि अर्धी भीती तिथेच संपते.

या अर्थाने तो प्रश्न मला प्रामाणिक वाटतो. पण त्याच शब्दांत दुसराही एक प्रश्न बसू शकतो. ही बॅग कोणाची आहे, म्हणजे कुठल्या नावाच्या माणसाची?

*

माझा एक मित्र माझ्यासोबत काम करतो. मी लग्नाचे फोटो काढते, तो व्हिडिओ. आमच्या बॅगा एकाच दुकानातून घेतलेल्या, कॅमेऱ्याचं मॉडेल एक, बॅटऱ्याही त्याच. तो मुसलमान आहे. दाढी आहे, आणि नाव ऐकलं की धर्म विचारावा लागत नाही.

एका विमानतळावर आम्ही लागोपाठ उभे होतो. कुठला विमानतळ ते लिहीत नाही. त्याच्या मते नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. माझी बॅग उघडली, कापडाचा तुकडा लेन्सवर फिरवून यंत्रात घातला, काही सापडलं नाही, झालं. त्याची बॅग उघडली, तोच तुकडा फिरवला, काही सापडलं नाही. इथपर्यंत सगळं सारखं. मग त्याला विचारलं गेलं, कॅमेऱ्याचं बिल आहे का, कुठे चाललात, कुणाचं लग्न, कार्डवर काय आहे ते दाखवा. मी पलीकडच्या खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. चाळीस मिनिटं गेली. विमान मिळालं. तो जागेवर येऊन बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "तुझी बॅग तपासतात गं. मला तपासतात."

त्यानंतर मी काही गोष्टी बघायला लागले. तो विमानतळावर माझ्यापेक्षा तासभर आधी येतो. सगळ्या सामानाची बिलं एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवतो. मी तपासणाऱ्यांशी चेष्टामस्करी करते, "सांभाळून हं, नवरा परवडेल पण ही लेन्स नाही" वगैरे. तो तिथे कधीच विनोद करत नाही. एरवी आमच्यात बडबड्या तोच.

अशा वेळी आपल्याकडे एक म्हण तयार असते. कर नाही त्याला डर कशाला. मला आता ती म्हण अपुरी वाटते. डर काही केल्यानेच वाटते असं नाही. आपण काय केलंय हे समोरच्याने आधीच ठरवलेलं असलं तरी वाटते. ही म्हण सहसा त्यांच्याच तोंडी असते ज्यांना कुणी दुसऱ्यांदा थांबवत नाही.

फिल्म वापरणाऱ्या फोटोग्राफरांना एक गोष्ट ठाऊक असते. फिल्मवर क्ष-किरणांचा परिणाम साठत जातो. नेहमीच्या जुन्या यंत्रातून साधी फिल्म एकदा गेली तर काही कळत नाही. पण विमानतळामागून विमानतळ करत ती जात राहिली तर काळा भाग हळूहळू धुरकट होतो. नव्या सीटी स्कॅनरमध्ये तर एका फेरीतही फिल्म खराब होऊ शकते, असा इशारा कोडॅकची फिल्म विकणाऱ्या कंपनीनेच दिला आहे. डिजिटल सेन्सरला यातलं काही होत नाही. यंत्र तेच, किरण तेच. एकावर काही उमटत नाही आणि दुसऱ्यावर प्रत्येक फेरी उमटत राहते.

तपासणीने कुणाचं काही झिजत नाही असं म्हणणारे आपण सगळे डिजिटल आहोत.

*

यावर जे उत्तर येतं तेही नीट ऐकायला हवं. ते असं, की धोका सगळीकडून सारखा येत नसतो. मग सगळ्यांकडे सारखंच बघणं हा ढोंगीपणा नाही का? आजीबाईंच्या पिशवीत वेळ घालवायचा आणि ज्यांच्याकडे बघायला हवं त्यांना सोडायचं?

१७ एप्रिल १९८६ची लंडनची घटना या वादात दोन्ही बाजूंनी वापरता येते. अ‍ॅन-मरी मर्फी नावाची गर्भवती आयरिश तरुणी हीथ्रो विमानतळावर इस्राएलच्या एल अल कंपनीच्या विमानात बसायला आली. विमानतळाच्या तपासणीतून ती पार झाली होती. एल अलच्या सुरक्षारक्षकांनी तिला प्रश्न विचारले, बॅग पुन्हा तपासली, आणि बॅगेच्या तळाशी लपवलेली स्फोटकं सापडली. ती तिच्या प्रियकराने, निझार हिंदावीने, तिच्या नकळत ठेवली होती. तिला वाटत होतं आपण लग्नासाठी चाललोय.

पहिली बाजू म्हणेल, बघा, यंत्राला जमलं नाही ते माणसाला प्रश्न विचारून जमलं. खरं आहे. पण दुसरंही खरं आहे. चेहरा आणि नाव बघून धोका ओळखता येत असता तर मर्फी कुठल्याच यादीत बसली नसती. हिंदावीने तिला निवडलं त्यात हाही फायदा होताच. ठरावीक नावांकडेच बघणारी नजर ज्याला फसवायची असते, तो त्या यादीबाहेरचं नाव शोधतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच मग उरतं.

मला या घटनेत तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या प्रश्नांनी मर्फीचा अपमान झाला नाही, तिचा जीव वाचला. तिचा, पोटातल्या बाळाचा आणि विमानातल्या सगळ्यांचा. म्हणजे प्रश्न विचारणं हा अपमान नसतो. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न हा अपमान असतो. पहिल्या प्रकारचा प्रश्न विचारणाऱ्याला खरोखर काही माहीत नसतं, म्हणून तो विचारतो. दुसऱ्या प्रकारात त्याला सगळं माहीत आहे असं वाटत असतं. तुमचं बोलणं फक्त जुळवून घ्यायचं असतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये एक कल्पना मांडली होती. समाजाचे नियम ठरवताना असं समजा की तुम्ही एका पडद्याआड आहात. आपण श्रीमंत असू की गरीब, कुठल्या धर्माचे, कुठल्या रंगाचे, हे तुम्हाला माहीत नाही. अशा वेळी जे नियम तुम्ही कबूल कराल ते न्याय्य. मी हा खेळ विमानतळावर खेळून बघते. उद्या मला कुठलं आडनाव मिळणार आहे हे ठाऊक नसेल तर तपासणी नकोच असं मी म्हणेन का? नाही. मलाही सुखरूप उतरायचं आहे. पण बॅग बघा, नाव बघू नका, असं नक्की म्हणेन. गंमत म्हणजे ते क्ष-किरण यंत्र जन्मतःच पडद्याआड आहे. त्याच्या पडद्यावर कपडे, कागद, खाणं नारिंगी दिसतं, धातू निळा दिसतो. माझ्या आणि माझ्या मित्राच्या लेन्सचा रंग तिथे एकच असतो. फरक पडतो तो यंत्राच्या पलीकडे, जिथे माणसाच्या हातात पासपोर्ट किंवा बोर्डिंग पास येतो.

हा नियम वरच्यांनाही लागू व्हायला हवा, तरच त्याला अर्थ. २००९च्या एप्रिलमध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची सर्वसामान्य प्रवाशासारखी तपासणी केली. आपल्याकडे माजी राष्ट्रपतींना त्यातून सूट आहे. जुलैमध्ये हे बाहेर आलं आणि गदारोळ झाला, कंपनीला माफी मागावी लागली. स्वतः कलामांनी मात्र तक्रार केली नव्हती. नियम मोडला होता हे कबूल. पण देशाचा अपमान झाला असं ज्यांना वाटलं त्यांना मला विचारावंसं वाटतं, की जी तपासणी कलामांच्या बाबतीत अपमान ठरते ती रोज लाखो माणसांच्या बाबतीत काय असते? एक तर ती कुणाचाच अपमान नाही, किंवा सगळ्यांचा आहे.

*

नजर थकते, हेही लक्षात घ्यायला हवं. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांच्या गर्दीतून ठरलेली वस्तू शोधायची. निम्म्या चित्रांत ती वस्तू असली तर लोकांच्या नजरेतून ती ७ टक्के वेळा सुटत होती. शंभरात एकाच चित्रात असली तर ३० टक्के वेळा. जे क्वचित असतं ते समोर असूनही दिसत नाही. म्हणून विमानतळावरच्या यंत्रांत मधूनमधून बंदुकीची, चाकूची खोटी चित्रं टाकतात, बघणाऱ्याची नजर जागी राहावी म्हणून.

तीन हजार फोटोंतून अल्बमसाठी तीनशे निवडणाऱ्या कुणालाही हे पटेल. रात्री एकनंतर डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं. नजर अपेक्षेवर चालते. मग ज्याने वर्षानुवर्षं काही विशिष्ट चेहऱ्यांकडूनच धोक्याची अपेक्षा ठेवली, त्याला बाकीच्या चेहऱ्यांमागे काय दिसणार? भेदभाव अन्यायकारक आहेच. शिवाय त्याने डोळे अधू होतात.

आणि नजरेला मर्यादा घालता येते, हेही विमानतळांनीच दाखवून दिलंय. अमेरिकेत काही वर्षं अशी यंत्रं होती जी कपड्यांखालचं शरीर तपशिलासकट पडद्यावर दाखवत. लोक चिडले, कायदा झाला. ज्या यंत्रांना ती चित्रं झाकणं जमलं नाही ती २०१३मध्ये हटवली गेली. आता पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती दिसते आणि शंका असेल तिथे खूण. सुरक्षेसाठी जेवढं दिसायला हवं तेवढं दिसतं. बाकीचं यंत्र बघतच नाही.

म्हणजे माझ्या हिशेबाने सभ्य नजरेच्या तीन अटी झाल्या. ती सगळ्यांवर सारखी पडावी. कामापुरतंच बघावी. आणि का बघता असं विचारलं तर तिच्याकडे उत्तर असावं.

*

अटी दुसऱ्याला घालणं सोपं असतं. त्याच अटी माझ्या कॅमेऱ्याला लावल्या तर?

दर आषाढी वारीत पालख्या पुण्यातून पुढे निघाल्या की दिवे घाटात वारकऱ्यांसोबत कॅमेऱ्यांचीही दिंडी असते. ७०-२००ची लेन्स लावली की वीस पावलांवरून एखाद्या म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती येते आणि तिला पत्ताही लागत नाही. असे फोटो सुंदर असतात. बक्षिसंही मिळवतात. पण आम्ही सगळ्यांकडे सारखं बघतो का? त्या घाटात ट्रेकिंगचे बूट घालून चालणारी आयटीतली मुलंही असतात. लेन्स त्यांच्यावर क्वचित थांबते. ती शोधते भेगाळलेले पाय, पांढरी दाढी, डोक्यावरची तुळस. आमचीही एक यादी असते. कोण 'वारकरी दिसतो' हे आम्ही घरून ठरवून निघालेलो असतो.

सासवडच्या मुक्कामी एका मावशींनी मला हाक मारली होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते त्यांनी टिपलं होतं.

"काय गं बाई, एवढं काय हाय त्या पिशवीत? उघड की, बघू."

मी बॅग उघडली. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. बॅटरी, फ्लॅश, लेन्स. लेन्सच्या काचेत स्वतःचा चेहरा बघून हसल्या. "एवढी मोठी पिशवी अन् भाकरीचा तुकडा न्हाई," म्हणाल्या. मग विचारलं, "माझा फोटू कुठं लावणार?"

विमानतळावर मला आजवर विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा अवघड होता. मी सांगितलं, एका संस्थेच्या वार्षिकात, पुण्यात. त्यांनी विचार केला. "लाव मग. पण ह्या पोरीचा बी काढ," म्हणून शेजारी झोपलेल्या सुनेकडे बोट केलं, आणि लगेच म्हणाल्या, "न्हाई, तिला उठू दे आधी. इचारून काढ."

त्यांना कुणी रॉल्स वाचून दाखवला नव्हता. पण तिन्ही अटी त्यांनी पाच मिनिटांत घातल्या. सगळ्यांचा काढ. विचारून काढ. कुठे लावणार ते सांग. आणि माझी बॅग उघडायला लावली त्याचा मला अपमान वाटला नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं त्यात काय आहे.

*

१ डिसेंबर २०२२ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीच्या विमानतळांवर 'डिजियात्रा' सुरू झाली. आता आणखी बऱ्याच ठिकाणी आहे. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की दार उघडतं. मीही वापरते. वेळ वाचतो, कागद शोधावे लागत नाहीत. यंत्रं अशीच सुधारत जाणार. एक दिवस ट्रे जाईल, पट्टा जाईल, आपण चालता चालता तपासले जाऊ आणि आपल्याला कळणारही नाही.

सात किलोंची बॅग रिकामी करून पुन्हा भरताना मी या सगळ्याला कंटाळते, तरी ट्रेबद्दल मला थोडी आपुलकी आहे. तिथे निदान कुणी बघतंय हे मला कळतं. कोण बघतंय हेही कळतं. त्याच्या छातीवर नाव असतं. त्याने जास्त वेळ लावला तर मी विचारू शकते, काय झालं? माझ्या मित्राला तेही विचारणं जड जातं, पण समोर माणूस असतो, चाळीस मिनिटांनी का होईना तो त्याच्या डोळ्यांत बघून "जा" म्हणतो. नजर अदृश्य झाली तर ती यादी संपेल असं नाही. ती फक्त आत जाईल, कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये. त्याला कुणी थांबवणार नाही, दारच उघडणार नाही, आणि का उघडलं नाही हे विचारायला तिथे कुणी उभं नसेल.

म्हणून ही बॅग कोणाची आहे, हे मला मोठ्याने विचारलेलं हवं आहे. जे मोठ्याने विचारलं जातं त्यालाच हात वर करून "माझी" म्हणता येतं.